दोघींच्या बाटल्या

"पुन्यांदा मोज," फुलझेलाबाई म्हणाली. "तुले मोजता येत नाई असं म्हणत नाई मी. पण मोज."

मी तिसऱ्यांदा मोजल्या. तिच्या घराच्या ओट्यावर मी मांडी घालून बसले होते. पुढ्यात स्टीलची ताटली, ताटलीत निळ्या-पांढऱ्या कॅप्सूल. डावीकडे निलिमाच्या बाटलीतल्या, उजवीकडे छकुलीच्या. पंधरा आणि पंधरा.

वीस दिवसांपूर्वी मीच या बाटल्या देऊन गेले होते. निलिमा अकरा वर्षांची, तिला रोज दोन कॅप्सूल, म्हणून तिच्या बाटलीत साठ. छकुली सात वर्षांची, तिला रोज एक, तिच्या बाटलीत तीस. आज मोठीच्या बाटलीत वीस उरायला हव्या होत्या आणि धाकटीच्या बाटलीत दहा. एकूण तीस, तेवढं बरोबर होतं. वाटणी मात्र कुणीतरी बसून सारखी केल्यासारखी होती.

"फुलझेलाबाई, दोन्ही बाटल्या एकत्र केल्या का तुम्ही?"

ती तांदूळ निवडत होती. सूप तिने खाली ठेवलं.

"केल्या. डब्यात ओततो अन् डब्यातल्याच दोघींले देतो. आज गाडी दिसली तवा घाईनं अर्ध्या-अर्ध्या बाटल्यात भरल्या. तू महिन्यानं येते तवा बाटल्या रिकाम्याच राहते, मंग तुले काय समजते? आज तू दहा दिस आधी आली."

आधी आले ते माझ्या मामेबहिणीच्या लग्नामुळे. पुढच्या आठवड्यात बुधवारपासून मी रजेवर जाणार होते.

"कधीपासून चाललंय हे?"

"पोळ्यापासून."

म्हणजे तीन महिने. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "काहून केलं ते इचारशीन तं सांगतो. मोठीची बाटली खरी हाय, लहानीची खोटी. आंधळ्यालेबी दिसते. आठ महिन्यात मोठीनं हाय म्हणून केलं नाई. अन् ही..." तिने ओट्याच्या टोकाला पाहिलं. तिथे छकुली दोन स्वेटर घालून बसली होती आणि कोंबडीला एकेक तांदूळ मोजून टाकत होती. "हिले पाच डाव तूच उचलून गाडीत टाकलं. एका मायच्या दोन लेकी. एकीले खरं औषध अन् एकीले खोटं, हे मी रोज सकाळी माह्या हातानं देऊ? नाई होत माह्यानं. म्हून अर्धं-अर्धं."

मी कॅप्सूल परत बाटल्यांमध्ये भरल्या. वीस इकडे, दहा तिकडे. आता त्याला काही अर्थ नव्हता, तरी भरल्या.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. आता मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि आमच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात एका औषधाच्या अभ्यासावर नर्स होते. सिकलसेल हा रक्ताचा आजार. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांमध्ये अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असं दुखतं की सात वर्षांचं पोर स्वतःचाच हात चावतं. थंडी पडली की जास्त. आमच्याकडे गावोगाव असली मुलं होती. त्यांचं दुखणं कमी करील असं एक औषध होतं, पण आमच्या भागातल्या मुलांना ते मानवेल का, खरंच उपयोगी पडेल का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून तीन वर्षांचा अभ्यास. एकशे सव्वीस मुलं. निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत नुसती पांढरी पूड असलेली. कुणाला कोणती द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. बाटलीवर फक्त नंबर. आईला माहीत नाही, मुलाला नाही, मला नाही, आमच्या डॉक्टर पिंपळापुरे मॅडमनाही नाही.

फुलझेलाबाईला हे सगळं मीच समजावलं होतं, याच ओट्यावर बसून. तेव्हा तिने एकच विचारलं होतं, "तुले माईत राहीन?" मी नाही म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "मंग ठीक हाय. तुह्या तोंडावरून मले समजलं असतं."

आणि खरं सांगते, अठरा महिन्यांनंतर मलाही आंधळ्यालाही दिसावं तसं दिसतच होतं. निलिमा शाळेत जायची, दोरीवरच्या उड्या मारायची. छकुलीचा हात धरून मी पाच वेळा रुग्णालयाच्या कॉटशेजारी बसले होते. निलिमाची खरी, छकुलीची खोटी. हे मी कधी तोंडाने बोलले नव्हते, पण मनात पक्कं होतं. म्हणूनच फुलझेलाबाईवर रागावणं मला जमलं नाही.

"हे मला लिहून द्यावं लागेल," मी म्हणाले.

"लिहिलं तं काय होते?"

"दोघींना कदाचित अभ्यासातून काढतील."

ती सूप उचलून पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मी निघाले तेव्हा तिने वर पाहिलं नाही, पण छकुलीने मला जीपपर्यंत पोचवलं आणि कोंबडीचं नाव सांगितलं. कोंबडीचं नाव सिस्टर होतं.

नियम मोडल्याचा एक फॉर्म असायचा. तो भरून दोन दिवस मी पर्समध्येच ठेवला. बुधवारी एकदा वाटलं, फाडावा. कुणाला कळणार होतं? पण मग एकशे चोवीस पोरांच्या आया ज्या वहीवर विश्वास ठेवून होत्या, त्या वहीत मी खोटं लिहिलं असतं. गुरुवारी सकाळी मी फॉर्म मॅडमच्या टेबलावरच्या फायलीत घातला. मॅडम नागपूरला गेल्या होत्या, पण अशा वेळी ऑफिसातून त्यांना फायलीतलं सगळं फोनवर वाचून दाखवायचे.

शुक्रवारी दुपारी ऑफिसातले कारकून मसराम माझ्याकडे आले. हातात कागद.

"सिस्टर, मॅडमचा नागपूरहून फोन होता. अभ्यास बंद झाला."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. नवीन बाटली कुणाला द्यायची नाही. सगळ्या पोरांना आणि आईबापांना सोमवारी अकरा वाजता इथे आणायचं. उरलेल्या कॅप्सूल बाटल्यांसकट. तोवर जसं चाललंय तसं चालू राहू द्या म्हणाल्या."

"पण का बंद?"

"ते नाही सांगितलं. मी विचारलं, तर म्हणाल्या, सोमवारी."

तीन वर्षांचा अभ्यास दीड वर्षात बंद. काल माझा फॉर्म गेला आणि आज हे. एका आईने कॅप्सूल मिसळल्या म्हणून सगळा अभ्यास बंद करतात का, हे मला ठाऊक नव्हतं. आणि दुसरं कारण मनात आलं ते त्याहून वाईट होतं. औषधाने बाधा होत असती तर कॅप्सूल चालू ठेवा म्हणाल्या नसत्या. म्हणजे औषधाने काहीच होत नसणार. ना बरं, ना वाईट. आम्ही दीड वर्ष गावोगाव पूडच वाटत फिरलो असणार.

शनिवारी सकाळपासून जीप घेऊन मी गावं पालथी घातली. ड्रायव्हर गुलाबभाऊ एरवी सतत बोलायचे, त्या दिवशी माझा चेहरा बघून फक्त पुढचं गाव विचारत होते. दारोदार एकच निरोप आणि दारोदार एकच प्रश्न, काहून बंद? आणि माझं एकच उत्तर, मला माहीत नाही.

फुलझेलाबाईचं गाव मी शेवटी ठेवलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी येत नाई. बाटल्या तू घेऊन जाय."

"यावं लागेल."

"काहून बंद केलं? चांगलं होतं म्हून का वाईट होतं म्हून?"

"मला माहीत नाही."

"दीड वर्षापासून तू हेच सांगून राहिली! खरी कोणती, माईत नाई. बरं होईन का, माईत नाई. बंद काहून, माईत नाई. बाई, तुले माईत काय हाय?"

मग मात्र मला राहवलं नाही. "एक माहीत आहे. तुम्ही कॅप्सूल मिसळल्या ते मी लिहून दिलं. गुरुवारी दिलं आणि शुक्रवारी अभ्यास बंद झाला."

मला वाटलं, आता ही मला ओट्यावरून खाली उतरवेल. निलिमा आतून दारात येऊन उभी होती, तिच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच.

"माह्यापाई?" फुलझेलाबाई हळू आवाजात म्हणाली. "समद्यायचं औषध माह्यापाई बंद?"

"मला माही..." मी थांबले. "असेलही. नसेलही."

"अन् तू लिहिलं नसतं तं?"

"तर नसतं कळलं कुणाला."

तिने निलिमाच्या हातातला तांब्या घेतला आणि माझ्यापुढे ठेवला. "पाणी पे. लिहिलं ते बरं केलं. खोटं लिहिणारी असती तं म्या माह्या पोरी तुह्या हवाली केल्या नसत्या." मग घरात जाऊन तिने नवऱ्याला गोंडीत काहीतरी सांगितलं आणि बाहेर आली. "सोमवारी येतो. मोठ्या डॉक्टरीनबाईले मीच सांगतो. माह्या दोघींले काढा म्हणतो, पण बाकीच्या लेकरायचं बंद नोको करा."

सोमवारी नर्सिंग होस्टेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये बसायला जागा उरली नव्हती. सतरंज्यांवर आया, आयांच्या मांडीवर पोरं, भिंतीला टेकून बाप आणि आजोबे. थंडी होती, म्हणून खिडक्या बंद. सगळीकडे मफलर, कानटोप्या आणि बाटल्यांचा खुळखुळाट. मॅडम आल्या तेव्हा तो खुळखुळाटही थांबला. मॅडमच्या हातात लाल लाखेने बंद केलेल्या पाकिटांचा मोठा खोका होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. काही कळत नव्हतं.

"नमस्कार," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला सगळ्यांना एका गोष्टीसाठी..."

"थांबा जी, डॉक्टरीनबाई."

फुलझेलाबाई उभी राहिली होती. पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला, एका हाताला निलिमा, दुसऱ्याला छकुली.

"तुमी बोलाच्या आधी मले बोलू द्या. म्या माह्या दोघी पोरींच्या कॅप्सूल एकात मिसळल्या. पोळ्यापासून. या सिस्टरबाईची काई चुकी नाई, तिले समजलं त्या दिशीच तिनं लिहून टाकलं. मोठीले गुण होता, लहानीले नव्हता, मले पाहवलं नाई. चूक माही हाय. माह्या पोरींले काढून टाका. पण माह्यापाई या बाकीच्या लेकरायचं बंद नोको करा."

मॅडमनी चष्मा काढला. त्या काही बोलणार एवढ्यात मागून एक बाई अर्धवट उठली.

"मंग म्याबी सांगतो. मंडईच्या जत्रेले गेलो होतो तवा चार दिस दिल्याच नाई. अन् तुमाले दाखवाच्या म्हून मातीत गाडल्या."

"माह्या पोट्ट्यानं थुंकल्या दोन-तीन," दुसरीकडून आवाज आला.

तिसरी बाई उठली ती आधीच लाजेने लाल झालेली. "माह्या सासूनं एक खाल्ली. गुडघे दुखते म्हून."

"अवं, एक नाई!" तिच्या शेजारची म्हातारी म्हणाली. "दोन खाल्ल्या. अन् गुडघे थांबले बी!"

आधी कुणीतरी एकाने फुसकन हसू सोडलं, मग दोघांनी, आणि मग सगळा हॉल हसायला लागला. मॅडम तोंडावर हात धरून उभ्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आणखी कुणाच्या सासूबाई आहेत का? नाहीत? मग मी बोलू आता?"

"बोला जी," म्हातारी म्हणाली.

"अभ्यास कोणाच्याही चुकीने बंद झालेला नाही," मॅडम म्हणाल्या. "एवढ्या सगळ्यांमध्ये कुणीतरी विसरणार, कुणीतरी मिसळणार, हे आम्ही आधीच धरून चाललो होतो. आता नीट ऐका. पुण्याला तीन माणसं आहेत. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नाही. दर सहा महिन्यांनी सिस्टरच्या वह्या त्यांच्याकडे जातात. कोणत्या नंबरची बाटली खरी आणि कोणती खोटी, हे फक्त त्यांना कळतं. त्यांनी गेल्या आठवड्यात दोन्ही बाजूंची मुलं शेजारी शेजारी मांडली. खोटी कॅप्सूल घेणारं मूल वर्षात जितके दिवस दुखण्याने झोपून होतं, त्याच्या निम्मेसुद्धा दिवस खरी घेणारं मूल झोपून नव्हतं. निम्मेसुद्धा नाही. एवढा फरक दिसल्यावर आणखी दीड वर्ष निम्म्या मुलांना पूड देत बसायची परवानगी कुणालाच नाही. म्हणून त्यांनी कळवलं, आता थांबवा. औषध लागू पडतं. म्हणून अभ्यास बंद."

टाळ्या नाहीत, काही नाही. 'बंद' या शब्दाशी तीन दिवस झोंबत आलेल्या माणसांना तो शब्द असा उलटा होऊन समोर येईल हे सुचतच नव्हतं. मलाही सुचत नव्हतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

फुलझेलाबाई अजून उभीच होती. "मंग औषध?" तिने विचारलं.

"औषध आजपासून सगळ्यांना. खरं. सगळ्यांना खरं. अभ्यासात नव्हती त्या मुलांनाही."

त्यानंतर जो आवाज उठला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. बायका रडत होत्या, हसत होत्या, एकमेकींची पोरं उचलून घेत होत्या. एक आजोबा टोपी काढून हातात धरून नुसते "बरं झालं, बरं झालं" म्हणत होते. मसराम कारकुनांनी माझ्या हातात रुमाल दिला तेव्हा मला कळलं की माझंही तोंड ओलं झालंय.

"मॅडम, शुक्रवारीच सांगायचं ना!" मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले.

"आणि शनिवार-रविवारात खरी वाटणारी कुणाची बाटली कुणाकडे गेली असती, ते तू शोधत बसली असतीस?" त्या म्हणाल्या. "तुझा फॉर्म वाचला मी. चांगला लिहिलायस. चल, आता पाकिटं फोडू."

प्रत्येक मुलाचं एक पाकीट. आत एक कार्ड, कार्डावर एकच शब्द, औषध किंवा पूड. मॅडम नाव पुकारत होत्या आणि मी पाकीट फोडत होते. फुलझेलाबाई दोघींना घेऊन पुढे आली. तिचा चेहरा मोकळा होता, तिला उत्तर माहीत होतं. मलाही होतं.

मी निलिमाचं पाकीट फोडलं. कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. मग छकुलीचं फोडलं.

"काय हाय?" फुलझेलाबाई म्हणाली.

"पूड," मी म्हणाले.

"लहानीची. ते तं माईत हाय मले. मोठीची?"

"मोठीची पण पूड."

"नीट पाय."

मी कार्ड तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं, ती निलिमाकडे वळली. निलिमाने एक कार्ड वाचलं, दुसरं वाचलं आणि म्हणाली, "आई, दोन्हीवर एकच लिवलं हाय."

"मंग आठ महिने हिले बरं कसं?"

मॅडम खुर्चीवरून उठून तिच्याजवळ आल्या. "या आजारात असं होतं. कधीकधी तो आपण होऊन शांत बसतो. सहा महिने, वर्षसुद्धा. मग पुन्हा उठतो. एकदोन मुलांकडे पाहून कुणालाच कळत नाही, तुम्हाला नाही, मला नाही, सिस्टरला नाही. म्हणून तर एवढी मुलं लागतात."

फुलझेलाबाई खाली बसली. सतरंजीवर, तिथेच. तिच्या चेहऱ्यावर राग आला तो मला स्पष्ट दिसला. "दीड वर्ष," ती म्हणाली. "ही पाच डाव मराच्या दारातून आली. अन् म्या हिले पूड देत होतो. दोघींलेबी पूडच."

मॅडम तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "हो," त्या म्हणाल्या. "तुमच्या मुलींनी पूड घेतली नसती तर खरं औषध खरं आहे, हे कशावरून कळलं असतं? कशाशी तोलून पाहिलं असतं आम्ही? छकुलीचे ते पाचही मुक्काम वहीत आहेत. ते आकडे नसते तर आज हे थांबलं नसतं. मी तुमच्यापाशी काही गोड बोलत नाही. आहे ते सांगते."

फुलझेलाबाईने दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून पाहिली. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. "म्हणजे म्या तीन महिने पुडीत पूड मिसळत होतो?"

"हो."

"अन् ही बाई त्याच्यासाठी रडत रडत फॉर्म लिहीत होती?"

मी मान हलवली. ती हसायला लागली. अशी हसली की तिला ठसका लागला, आणि छकुली तिच्या पाठीवर चापट्या मारत होती, आणि मी हसत होते, आणि निलिमा आम्हा दोघींकडे बघून शरमत होती. मग मॅडमनी नव्या बाटल्या दिल्या, आणि फुलझेलाबाईने तिथेच हॉलच्या नळावर दोघींना पहिली कॅप्सूल दिली. आधी धाकटीला.

दोघींचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. आजार गेला नाही, तो या औषधाने जात नाही. पण त्या हिवाळ्यात छकुली एकदाही रुग्णालयात आली नाही, आणि वॉर्डातली तिची कॉट पाहिली की मलाच चुकल्यासारखं वाटायचं. फेब्रुवारीत निलिमाला दुखणं उठलं, पण दोन दिवसांत निवळलं. आज निलिमा तालुक्याच्या कन्याशाळेत गणित शिकवते. छकुलीचं खरं नाव सुनंदा, ती वनखात्यात आहे आणि मोटारसायकल माझ्या जिवाला घोर लागेल एवढ्या वेगाने चालवते.

पण मला सांगायचं आहे ते त्या सोमवारच्या दुपारचं. वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी असं जेवण झाल्यावर मी एका जीपमध्ये पाच घरं भरून परत निघाले होते. पुढे गुलाबभाऊ, मी आणि मांडीवर एक पोर, मागे बाकीची सगळी. कुणीतरी गाणं धरलं होतं. रस्त्यात एक फाटा लागतो, त्या फाट्यावर दुर्योधन अलोणे नावाच्या म्हाताऱ्याचं घर होतं. त्यांचा नातू सुमेध, आठ वर्षांचा, सिकलसेलचाच. अभ्यास सुरू झाला तेव्हा मी त्यांच्याकडे तीन वेळा गेले होते आणि तिन्ही वेळा त्यांनी मला सांगितलं होतं, "गरिबाच्या लेकरायवर प्रयोग करता काय? निघा." ते चुकले असं मला तेव्हाही म्हणता आलं नव्हतं.

"गाडी रोक, भाऊ," फुलझेलाबाई म्हणाली. माझ्याकडून तिला हे घर माहीत असायचं कारण नव्हतं, पण आसपासच्या सगळ्या आयांना सगळी घरं माहीत असतात.

ती उतरली. मीही मागोमाग. अलोणेबाबा अंगणात उन्हाला बसले होते. मला पाहताच त्यांची हनुवटी वर झाली. मी बोलायला तोंड उघडलं, तर फुलझेलाबाईने हाताने मला मागे सारलं आणि त्यांच्यासमोर उकिडवी बसली.

"बाबाजी, आयका. बाटल्यायचे दोन ढीग होते. एक खऱ्या औषधाचा, एक खोट्या. दिसाले सारख्याच. कोनता कोनाचा, ते या बाईलेबी माईत नव्हतं, मोठ्या डॉक्टरीनबाईलेबी नाई. म्हून कोनी कोनाची तरफदारी करू शकत नव्हतं. मायनंबी नाई. मायचे डोळे लय लबाड राहते, बाबाजी. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं अन् सपशेल चुकलो. मंग तीन मानसांनी दोन्ही ढीग तोलले. खरा ढीग भारी निघाला. लय भारी निघाला. त्या दिशीच त्यायनं सांगितलं, आता बस. आता कोनालेच खोटी देऊ नोका. समद्यायले खरी. तुमच्या सुमेधलेबी."

चार वर्षं नर्सिंग शिकून आणि दीड वर्ष गावोगाव फिरून मला हे कधी इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

अलोणेबाबा तिच्याकडे रोखून पाहत होते. "अन् तुह्या पोरी?" ते म्हणाले. "त्या कोनत्या ढिगातल्या?"

फुलझेलाबाईने मान ताठ केली.

"खोट्या," ती म्हणाली. "दोघीबी. दीड वर्ष. त्यायच्या दुखण्याचा एकेक दिस वहीत मांडला हाय. म्हून तं समजलं."

म्हाताऱ्याने जीपकडे पाहिलं. छकुली मागच्या फळीवर पाय हलवत बसली होती आणि कागदातली बुंदी बोटांनी उचलून खात होती. बाबा उठले. धोतर झटकलं. घराच्या दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "सूनबाई, सुमेधले टोपी घाल. अन् बाहेर आन." मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच साध्या आवाजात विचारलं, "तुमची डॉक्टरीन किती वाजेलोक राहते?"

"सहापर्यंत," मी म्हणाले. "पण बाबा, आता आम्ही परत गावांकडे चाललोय. उद्या सकाळी गाडी पाठवते, मग..."

"उद्या काहून?" जीपमधून तीन-चार बाया एकदम ओरडल्या. त्या आधीच सरकून जागा करत होत्या.

मी गुलाबभाऊंकडे पाहिलं. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, डिझेलच्या काट्याकडे पाहिलं, मागच्या गर्दीकडे पाहिलं. मग स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि जीप पुन्हा रुग्णालयाच्या दिशेने उभी केली.